देवापुढे वाचायची पत्रिका

ती पहिल्यांदा माझ्याकडे आली आणि चहा निवायच्या आत तिने माझं अख्खं कपाट नापास केलं.

मी लग्नपत्रिका करते. भोपाळच्या अयोध्या नगरातल्या आमच्या घराची पुढची खोली हेच माझं दुकान. जोडप्याला समोर बसवायचं, चहा-चिवडा द्यायचा, कुठे भेटलात, कशावरून भांडता, आधी कोण बोलतं असं सगळं गोडीगुलाबीने काढून घ्यायचं आणि मग त्या दोघांनाच शोभेल अशी पत्रिका करून द्यायची. पाकीट, केळवणाची चिठ्ठी, मांडवाच्या दारातला फलक, सगळं त्याच थाटात. एम. पी. नगरातल्या कोचिंग क्लासमध्ये ज्यांचं जुळलं, त्यांना मी परीक्षेच्या प्रवेशपत्रासारखी पत्रिका करून दिली होती. पाहुणे हॉलच्या दारात ती दाखवून आत जात होते. तेव्हापासून माझ्या डोक्यात जरा हवा होती. खोटं कशाला बोलू, जरा नव्हे, चांगलीच होती.

आणि ही मुलगी बरखेड्यातल्या क्वार्टरची. तिचे बाबा मोठ्या कारखान्यात फिटर, माझे वडील त्याच कारखान्यात कारकून होते. दोन्ही घरं मूळची नागपूरकडची, त्यामुळे ओळख जुनी. मुलीला जन्मापासून दिसत नाही. बँकेत नोकरी करते. सोबत होणारा नवरा होता, तिच्याच बँकेतला, इथलाच भोपाळी, हिंदी बोलणारा. त्यालाही दिसत नाही. दोघं ऑटोने आली, काठ्यांच्या घड्या करून मांडीवर ठेवल्या, आणि ती म्हणाली, "काकू, तुमचं बेस्ट काय असेल ते दाखवा."

दाखवा म्हटल्यावर मी जी गडबडले! पण धंदा तो धंदा. कपाटातली एकेक पत्रिका तिच्या हातात देत गेले. ही मोराची, ही सोनेरी वर्खाची, हिच्यात दार उघडलं की गणपती दिसतो. ती बोट फिरवायची, कागद कानाशी नेऊन हलवायची, वास घ्यायची आणि शेजारी सरकवायची.

"गुळगुळीत," ती म्हणायची.

"चिकनी," तो म्हणायचा.

"ही पण गुळगुळीत. हिच्यावर अत्तर मारलंय. ही चिवड्याच्या पिशवीसारखी वाजते. काकू, सच्ची सांगा, ह्या सगळ्यांत फरक काय आहे?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी मेहनत, एवढे रंग, आणि ही पोरगी म्हणते फरक काय! मनात म्हटलं, बाई गं, तुला दिसलं असतं तर कळलं असतं. माझ्या गप्प बसण्यावरूनच तिने ते ओळखलं असावं.

"दिसत नाही हा माझा प्रॉब्लेम झाला काकू," ती म्हणाली. "वाचता येत नाही हा तुमच्या पत्रिकेचा आहे."

मला गप्प बसवणं सोपं नाही. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आईच म्हणायची. पण त्या दिवशी मी उठले आणि मुकाट्याने दुसरा चहा टाकला.

चहा आल्यावर तिने काय हवंय ते सांगितलं. छापलेली पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची, हे तर सगळ्याच मराठी घरांत करतात. तिच्या घरी ठेवण्याआधी ती देवापुढे उभं राहून मोठ्याने वाचायची पद्धत आहे. देवाला बोलवायचं म्हणजे कागद टेकवून पळून जायचं नाही, नीट वाचून बोलवायचं. घरातला कर्ता पुरुष वाचतो. आत्याच्या लग्नात आजोबांनी वाचली होती.

"माझी मी वाचणार," ती म्हणाली. "पाठ करून नाही, कुणी कानात सांगून नाही. बोटांनी वाचणार. आजपर्यंत मी एकही लग्नपत्रिका स्वतः वाचलेली नाही काकू. निदान माझी तरी वाचू द्या."

"फोन आहे की तुझा वाचायला. पटापटा बोलतो तो."

"फोन वाचतो. मी ऐकते."

"आणि बाबा? मान त्यांचा ना?"

"ते म्हणतात, मी वाचतो न बाई, आजवर सगळं मीच तर वाचलं तुझ्यासाठी."

ते खरंच होतं. बरखेड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. शिफ्ट संपवून फिटरसाहेब घरी यायचे, हात धुवायचे आणि पोरीसमोर वाचायला बसायचे. पेपर, शाळेची पुस्तकं, बँकेच्या परीक्षेची जाडजूड गाईडं, साबणाच्या वेष्टनावरचा मजकूरसुद्धा. आणि घरी येणाऱ्या लग्नपत्रिका. लहानपणी तिला पत्रिकांचं भारी वेड. 'श्री गणेशाय नमः'पासून ते खालच्या कोपऱ्यातल्या पोराटोरांच्या 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!'पर्यंत सगळं तिला ऐकायचं असायचं.

"त्यात 'आमची कन्या' आलं की मी टाळ्या वाजवायचे," ती हसत म्हणाली. "मला वाटायचं, कन्या म्हणजे मोठी पदवी असते. लग्न ठरलं की मिळते."

मग एकदा नात्यातली एक बाई पत्रिका द्यायला आली होती. बाबांनी तिच्यासमोरच ती वाचली, पोरीने टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, बाबा, माझ्या पत्रिकेत पण कन्या लिहा हं. पाहुणी हसली. "तुझी कुठली गं पत्रिका छापायची, बाई," म्हणाली. त्यानंतर घरात पत्रिका येतच राहिल्या, पण बाबांनी एकही मोठ्याने वाचली नाही. हळदीचा वास यायचा, कागद वाजायचा आणि कपाटावर जायचा. तिनेही कधी मागितली नाही.

हे सगळं तिने साध्या आवाजात सांगितलं, बसचा नंबर सांगावा तसं. माझ्या हातातला कप मात्र तसाच राहिला. ती पाहुणी कोण, हे मी विचारलं नाही. पण अजूनही कळलं तर पदर खोचून जाईन आणि चार शब्द सुनावून येईन, एवढं नक्की.

नवरदेवाला मात्र ही जुनी भाषा नको होती. "हम दोनों शादी कर रहे हैं, आ जाइए, खाना अच्छा है. बस इतना लिख दो आंटी," तो म्हणाला. "ये कृपेकरून-व्रिपेकरून कौन समझेगा?"

"तुझ्या बाजूला तू तुझं लिही," ती म्हणाली. "माझ्या बाजूला कन्या येणार."

"ठीक है खाँ," असं अस्सल भोपाळी थाटात म्हणत त्याने दोन्ही हात वर केले. लग्नाआधीच शहाणा झालेला नवरा मी पहिल्यांदा पाहिला.

ब्रेल म्हणजे सहा ठिपक्यांची लिपी, एवढं मला माहीत होतं. तेवढंच माहीत होतं. तिने मजकूर ब्रेलमध्ये टोचून दिला. मी त्याचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एकेक ठिपका मांडत बसले. पण ते ठिपके इवलेसे, साबुदाण्याहून बारीक. मला वाटलं, काय हा कंजूषपणा! वाचायचं तर जरा ऐसपैस वाचू दे की. मी ते चांगले मोठे केले, लांब लांब मांडले, भोवती वेलबुट्टी काढली. प्रेसवाल्या भैयांनी त्यावरून पितळेचा ठसा केला आणि जाड कागदावर दाबला. हरभऱ्याच्या डाळीएवढे टप्पोरे ठिपके वर आले. स्कूटरवरून घरी येताना मी स्वतःशीच गाणं म्हणत होते.

तिने बोट ठेवलं. भुवया वर गेल्या. "काकू, ही काय रांगोळी आहे?"

"अगं, तुझी पत्रिका!"

"ह्याचं एक अक्षर माझ्या बोटाखाली मावत नाही. एक ठिपका लागतो, दुसरा शोधायला गावाला जावं लागतं."

"मला वाटलं, मोठं केलं की सोपं पडेल."

"तुम्हाला भिंतीएवढं अक्षर काढून दिलं आणि त्याला नाक टेकवून उभं केलं, तर वाचाल?"

नवरदेव इतका हसला की त्याला ठसका लागला. मग मीही हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एवढा महागाचा ठसा वाया गेला होता, तरी मला राग आला नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

"बोट द्या," ती म्हणाली. तिने तिचं स्वतःचं टोचलेलं पान पुढे ओढलं आणि माझं बोट त्यावर ठेवलं. "डोळे मिटा. काय लागतं?"

"रवा सांडलाय."

"दाबताय तुम्ही. दाबलं की कळत नाही. नुसतं सरकू द्या."

मी सरकू दिलं. रवा तो रवाच. मग तिने वाचून दाखवलं, आणि मी जे पाहिलं ते मी आजवर कधी पाहिलं नव्हतं. अक्षरांतच माझा जन्म गेलाय. वळणं काढली, काने-मात्रा घासून-पुसून लखलखीत केल्या. पण वाचणं हे असं हातांत असतं हे मला माहीतच नव्हतं. तिचा उजवा हात ओळीवरून पुढे जात होता आणि ती ओळ संपायच्या आत डावा हात खालच्या ओळीचं तोंड धरून तयार. तोंडाने ती नवऱ्याशी भांडत होती, मान खिडकीकडे, आणि बोटं आपली वाचतायत! मी देवा देवा म्हणत कपाळाला हात लावला.

"काकू, कौतुक नंतर," ती म्हणाली. "आधी ठिपके बारीक करा."

बारीक केले. तिच्या पानावरच्या ठिपक्यांच्या मापाने, अगदी तेवढेच. वेलबुट्टी काढून टाकली, कारण तिच्या मते वाचताना वाटेत झाडं नकोत. कागद तिने आवाजावरून निवडला. नमुन्यांची चळत कानाशी धरून एकेक पान टिचकीने वाजवलं आणि एकाला म्हणाली, हा. मी गेली कित्येक वर्षं जो सगळ्यांत चांगला म्हणून जपून ठेवला होता, नेमका तोच. रंग कोणता म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, हळदीचा. "मग चालेल. हळद मला माहीत आहे."

नव्या ठशाचा नमुना आला तेव्हा तिने एकच ओळ तपासली आणि हात मागे घेतला. "बरोबर आहे. बाकी देवापुढे वाचेन." पुढची ओळ बोटाच्या एवढी जवळ होती, पण तिने वाचली नाही. पाहुण्यांसाठी वर शाईची अक्षरं आणि प्रत्येक ओळीखाली तेच ठिपक्यांत, अशी पत्रिका छापून झाली. प्रेसवाले भैया तोंडाचे कडू, पण गठ्ठा बांधताना वरच्या पत्रिकेवरून त्यांनी हळूच अंगठा फिरवून पाहिला. गठ्ठे मी स्वतः बरखेड्याला पोचवले. तिच्या आईने दारातच घेतले, डोळ्यांना लावले, आणि देवापुढे पत्रिका वाचायच्या मुहूर्ताला सकाळी यायचंच असं बजावलं.

मुहूर्ताच्या सकाळी मी पैठणी नेसून गेले. क्वार्टरच्या स्वयंपाकघरातच कोपऱ्यात देव. समई लागलेली, शिऱ्याचा वास, नवरदेव कोऱ्या कुडत्यात मोरीशी टेकून उभा. बाबांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. आज वाचायचं नाहीये, हे त्यांना अजून पचलं नव्हतं. माणूस हातात काही नसलं की कसा अवघडतो, तसे उभे होते.

"ताई, सगळं काल संध्याकाळीच आटपलं," तिची आई मला म्हणाली. "सगळ्या पत्रिकांना हळद-कुंकू लावून टाकलं. चारी कोपऱ्यांना. ओल्याने कागद वाकडे झाले हो, तर ह्यांनी बघा कसे सरळ करून ठेवले!"

मी कोपऱ्यात पाहिलं आणि मनात म्हटलं, ठिपके!

हळद-कुंकवाशिवाय आपण पत्रिका कुणाला देत नाही. बोट ओलं करून लावलं की जाड कागदाचे कोपरे वळतात. आणि त्या घरातला पुरुष कोण? तर ज्याचा सगळा जन्म लोखंडाचे पत्रे लेव्हलमध्ये आणण्यात गेला. भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली तरी जेवण सोडून उठणारा माणूस. त्याने दोन सपाट फळ्या घेतल्या होत्या, मध्ये सगळ्या पत्रिका काठाला काठ जुळवून ठेवल्या होत्या, आणि वर गव्हाची भरलेली कोठी. इकडून तिकडून वाकून बघत, सगळीकडे सारखा भार येईल अशी. कारखान्यात करतात तसं चोख काम. पोरीच्या लग्नाची पत्रिका कुणाच्या घरी वाकडी जाऊ नये म्हणून.

बाबांनी कोठी उतरवली आणि वरची पत्रिका काढून तिच्या हातात दिली. कशी सपाट झाली होती! तिने पदर सावरला, देवासमोर उभी राहिली आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

बोट ओळभर गेलं. परत आलं. पुन्हा गेलं.

"काकू?" ती म्हणाली.

मी दुसरी पत्रिका उचलली, तिसरी उचलली. ठिपक्यांच्या जागी नुसते डाग. डोळ्याला दिसत होते, पण हाताला काहीच नाही.

"काय झालं? काहून थांबली?" बाबांनी पत्रिका घेतली आणि तिच्यावरून अंगठा फिरवला. ह्या माणसाचा अंगठा कारखान्यात नावाजलेला. पत्र्यावर केसाएवढा उंचवटा असला तरी त्यांना लागायचा. इतके दिवस त्यांनी ती पत्रिका नुसती पाहिली होती. ठिपक्यांवर अंगठा आता पहिल्यांदा ठेवला. कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. त्यांचा चेहरा एकदम उतरला आणि ते होते तिथे भिंतीला धरून खाली बसले.

"मीच चेपलं," ते म्हणाले. "मीच चेपलं न बाई सगळं."

आईच्या डोळ्यांना धारा. एकदा देवाकडे बघे, एकदा घड्याळाकडे. "अहो, मुहूर्त टळतोय. आता तुम्हीच वाचा. नेहमीसारखं वाचा."

सगळे बाबांकडे बघायला लागलो. पत्रिका त्यांच्याच हातात होती. शाईची अक्षरं होती तशी स्वच्छ होती. मान त्यांचाच होता, आणि वाचली असती तर कुणी नावही ठेवलं नसतं. त्यांनी ती तिच्या हातात परत दिली.

"नाही," ते म्हणाले. "हे तिचं आहे."

ती मात्र संतापली होती. मला वाटलं होतं रडेल. कसली रडते! "बाबा, तुम्हाला सगळं सरळच का करायचं असतं हो?" असं ओरडली आणि दुसऱ्याच क्षणी नवऱ्याकडे वळली. "स्लेट आहे तुझ्याकडे?"

"थैले में. हमेशा रहती है," तो म्हणाला.

त्याने पिशवीतून खिडक्या-खिडक्यांची एक धातूची पट्टी आणि लाकडी मुठीची छोटी टोचणी काढून दिली. ती भरजरी साडीत फरशीवर फतकल मारून बसली. हळद-कुंकवाची तीच पत्रिका पालथी केली, पट्टीत अडकवली आणि टोचायला लागली. टोक, टोक, टोक. मी शेजारी बसले, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती उजवीकडून डावीकडे लिहितेय. कागदाला मागून टोचायचं, म्हणजे उलटला की ठिपके वर येतात. म्हणजे प्रत्येक अक्षर उलटं, ओळ उलटी, सगळं आरशातल्यासारखं. ठशासाठी मजकूर उलटा करायचा तर मी कॉम्प्युटरचं बटण दाबते. ही पोरगी डोक्यातल्या डोक्यात, चिडलेली असताना, घाईत, एकही जागा न चुकता उलटं लिहीत होती. मुहूर्त, शिरा, चेपलेल्या पत्रिका, मी सगळं विसरले आणि नुसती तिच्या हातांकडे बघत राहिले.

मध्येच ती थांबली. "बाबा, वरचं टोक धरा. हलतंय."

बाबा पुढे सरकले आणि पत्रिकेचं टोक धरलं. अगदी हलक्या हाताने, दोन बोटांच्या चिमटीत. मग ती टोचत गेली आणि ते धरून राहिले.

बाकीच्या पत्रिकांचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. ठसा शाबूत होता. प्रेसवाल्या भैयांनी कुरकुर करत पुन्हा छापून दिल्या, हळद-कुंकू लावलं, कोपरे वळले ते वळू दिले, आणि फळ्यांखाली काही म्हणजे काही ठेवलं नाही. नवरदेवाने वाकडे कोपरे चाचपून सांगितलं, "अब लग रही है शादी की."

तर देवापुढे. पत्रिका लिहून झाली. मुहूर्त टळला की काय कोण जाणे, घड्याळाकडे आता कुणी बघतच नव्हतं. ती उठली, पदर पुन्हा सावरला, डाव्या हातावर पत्रिका धरली आणि वाचायला लागली.

"श्री गणेशाय नमः. श्री कुलस्वामिनीच्या कृपेकरून..."

मी चमकून बाबांकडे पाहिलं. कारण आवाज तिचा होता, पण वाचणं त्यांचं होतं. ती लहान असताना संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवरून जाताना आम्हा सगळ्यांना ऐकू यायचं ते. कृपेकरूनच्या 'पे'वर तसाच जरासा हेलकावा, ओळ संपताना तसाच खाली येणारा सूर. इतकी वर्षं तिने त्यांचं वाचणं ऐकलं होतं, आणि वाचायचं म्हणजे असंच, हे तिच्यात मुरलं होतं. तिला ते माहीतही नसावं. बाबांना कळलं. त्यांनी हात जोडले होते, ते तसेच जोडलेले राहिले आणि ओठ तिच्यासोबत हलायला लागले.

"...कृपेकरून आमची..."

ती थांबली.

मला वाटलं ठिपका बसला नाही. आईनेही माझा हात घट्ट धरला. ती बोट तिथेच ठेवून उभी राहिली. मग देवाकडून वळली.

"बाबा, इकडे या."

"काय झालं? चुकलं का?"

"चुकलं नाही. ह्याच्या पुढचं मला नाही म्हणता येणार. हे तुम्ही म्हणायचं असतं."

"मले कुठं वाचता येते गं ते."

"बोट द्या."

त्यांनी हात पुढे केला. नख काळंनिळं झालेलं, तेलाच्या रेषा कायमच्या मुरलेल्या. तिने त्यांचं बोट धरलं आणि त्या शब्दावर ठेवलं. "दाबू नका," ती म्हणाली. "नुसतं सरकू द्या."

त्यांनी डोळे मिटले.

"लागतंय?"

"लागतंय."

"मग वाचा ना बाबा. जोरात वाचा."

मग त्यांचं बोट हळूच सरकलं आणि त्या स्वयंपाकघरात, इतक्या वर्षांनी, त्यांनी लग्नपत्रिका मोठ्याने वाचली.

"आमची कन्या," ते म्हणाले.

तिने पत्रिका त्यांच्या हातात सोडून दिली, दोन्ही हात मोकळे केले आणि टाळ्या वाजवल्या.